एलिनॉरबाईंचे शेवटचे दुखणे

भाद्रपद आला की आमच्या बडोद्यात दोन गोष्टी बरोबर येतात. एक गणपती आणि दुसरी डेंग्यूची साथ. मंडपात आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता एका बाजूला लेझीमची तयारी चाललेली असते आणि दुसऱ्या बाजूला कोणीतरी मोबाईलवर आलेला रिपोर्ट चष्मा कपाळावर चढवून वाचत असते. ‘प्लेटलेट किती?’ हा प्रश्न आता आपल्या घरांत ‘ताप किती?’ इतका सहज विचारला जातो. आकडा दीड लाखाच्या खाली गेला की पपईच्या पानांचा रस निघतो, पन्नास हजारांच्या खाली गेला की सगळे गोत्र गोळा होते. आणि एवढे करूनही आकडा वर आला नाही, किंवा ताप नसतानाच तो कमी निघाला, की एक वेगळाच शब्द कानावर पडतो : बोन मॅरो. हाडातली मज्जा काढून तपासायची. पुष्कळांना ती मणक्यातले पाणी काढण्याचीच तपासणी वाटते आणि नुसत्या कल्पनेनेच पाय गळतात. डॉक्टरांनी तपासणी सांगितली तर भीती आणि नाही सांगितली तर ‘काही राहून तर जात नाही ना?’ ही दुसरी भीती.

या प्रश्नावर वैद्यकीय लेख लिहिण्याचा आमचा अधिकार नाही. म्हणून यंदा आम्ही एका बाईंचे चरित्र सांगायचे ठरवले आहे. जगाला त्या वेगळ्याच कारणांनी माहीत आहेत, पण त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या पानावर नेमका हाच प्रश्न लिहिलेला आहे. शिवाय त्यांचा एक धागा आपल्या बडोद्यापर्यंत येऊन पोचतो. या बाई म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट.

एलिनॉरबाईंचा जन्म ११ ऑक्टोबर १८८४ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. घराणे श्रीमंत आणि नामांकित. सख्खे काका थिओडोर रूझवेल्ट पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. पण मुलीच्या वाट्याला सुख थोडे आले. आठ वर्षांची असताना आई घटसर्पाने गेली, पुढच्याच वर्षी धाकटा भाऊ गेला आणि दहावे वर्ष पुरे व्हायच्या आत दारूच्या आहारी गेलेले वडीलही गेले. आजोळी आजीच्या कडक शिस्तीत ती वाढली. वडील तरुणपणी शिकारीसाठी हिंदुस्थानात येऊन गेले होते. त्यांच्या पत्रांतला आणि गोष्टींतला हिंदुस्थान या पोरक्या मुलीने मनात जपून ठेवला आणि मोठेपणी, १९३३ साली, त्या पत्रांचे पुस्तक काढले.

पंधराव्या वर्षी तिला लंडनजवळच्या ॲलन्सवूड शाळेत पाठवले. तिथल्या मुख्याध्यापिका मारी सूव्हेस्त्र यांनी या लाजाळू मुलीला स्वतःच्या डोक्याने विचार करायला शिकवले. १७ मार्च १९०५ रोजी दूरचे नातेवाईक असलेल्या फ्रँकलिन यांच्याशी तिचा विवाह झाला. वडिलांच्या जागी कन्यादानाला उभे राहिले ते राष्ट्राध्यक्ष असलेले काका. पुढे सहा मुले झाली, त्यांतले एक तान्हेपणीच दगावले.

या काळातल्या दोन आजारपणांची नोंद वाचकांनी मनात ठेवावी. पहिले १९१९ सालचे. पतीबरोबर युरोपच्या प्रवासात असताना एलिनॉरबाईंना फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली, ज्याला डॉक्टर प्लुरसी म्हणतात. त्या काळी अशा दुखण्यामागे पुष्कळदा क्षय असे. त्या बऱ्या झाल्या, कामाला लागल्या आणि ते दुखणे मागे पडले.

दुसरे आजारपण १९२१ सालचे, फ्रँकलिन यांचे. कॅम्पोबेलो बेटावर सुट्टीत असताना एकोणचाळीस वर्षांच्या या धडधाकट माणसाचे पाय एकाएकी लुळे पडले. पहिल्या मोठ्या डॉक्टरांनी रक्ताची गुठळी असल्याचे सांगितले आणि जोरात चोळायचा सल्ला दिला. एलिनॉरबाईंनी तो मनोभावे पाळला. रोगी वेदनेने कळवळत होता, तरी पाय चोळले जात होते. काही दिवसांनी बोस्टनचे डॉक्टर लव्हेट आले, त्यांनी पोलिओ ओळखला आणि चोळणे ताबडतोब बंद करायला लावले. निदान चुकले की प्रेमाने केलेली सेवासुद्धा रोग्याच्या यातनेत भर घालते, हे एलिनॉरबाईंनी स्वतःच्या हातांनी अनुभवले होते.

नवरा चालू शकत नाही म्हणून बायको फिरू लागली. सभांना जाऊ लागली, खाणीत उतरली, वस्त्यांत गेली आणि जे पाहिले ते येऊन नवऱ्याला सांगू लागली. १९३३ ते १९४५ अशी बारा वर्षे त्या व्हाईट हाऊसमध्ये होत्या. त्यांच्या पत्रकार परिषदांना फक्त स्त्री पत्रकारांना प्रवेश असे, त्यामुळे वर्तमानपत्रांना बायका नोकरीला ठेवाव्याच लागल्या. १९३५ च्या अखेरीपासून त्यांनी रोजचे सदर लिहायला घेतले, आठवड्यातून सहा दिवस. नवरा गेला तेव्हाचे चार दिवस सोडले तर ते वर्षानुवर्षे अखंड चालले. कामात खंड पडू द्यायचा नाही, अंग दुखले तरी बोलायचे नाही, ही त्यांची सवय पुढच्या कथेत महत्त्वाची आहे.

१९४५ च्या एप्रिलमध्ये फ्रँकलिन गेले. आपले सार्वजनिक आयुष्य संपले असे बाईंना वाटले होते, पण सर्वांत मोठे काम तर पुढेच होते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाच्या त्या अध्यक्षा झाल्या. याच आयोगावर भारतातर्फे होत्या हंसाबेन मेहता. बडोद्याचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या आणि पुढे आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र व समान आहेत, अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता. एलिनॉरबाईंना त्यात काही वावगे वाटत नव्हते. त्यांच्या देशात त्या शब्दात बायकाही धरल्या जात. हंसाबेनांनी हरकत घेतली, कारण पुष्कळ देशांत तो शब्द अक्षरशः वाचला जाईल हे त्या जाणून होत्या. शेवटी पुरुष हा शब्द गेला आणि मानव आला. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये ४८ राष्ट्रांनी बाजूने मत देऊन तो जाहीरनामा मंजूर केला. विरोधात एकही मत नव्हते, आठ राष्ट्रे तटस्थ राहिली. फत्तेगंजच्या रस्त्याने विद्यापीठाच्या घुमटाखालून जाताना ही गोष्ट आपल्या मुलांना सांगावी अशी आहे.

१९५२ साली एलिनॉरबाई भारतात आल्या. नेहरूंच्या पाहुण्या म्हणून त्या पुष्कळ हिंडल्या आणि वडिलांच्या गोष्टींतला ताजमहालही त्यांनी डोळे भरून पाहिला. या प्रवासात त्यांच्यासोबत त्यांचे डॉक्टर होते, डेव्हिड गुरेविच. १९४७ च्या एका विमानप्रवासात दोघांचा स्नेह जमला होता. पुढे तर बाई आणि गुरेविच दांपत्य यांनी न्यूयॉर्कमध्ये एकच घर घेऊन वेगवेगळ्या मजल्यांवर संसार थाटले. डॉक्टर म्हणजे घरचाच माणूस. आपल्याकडेही असे घरोब्याचे डॉक्टर असतात आणि त्यांचा केवढा आधार वाटतो. पण घरच्या माणसाला घरच्या माणसाच्या आजाराकडे कोरड्या नजरेने पाहणे अवघड जाते, हेही तितकेच खरे. शिवाय गुरेविच यांचे खास क्षेत्र रक्ताचे रोग नव्हते. अपंगत्व आलेल्या रुग्णांना पुन्हा उभे करणे हे त्यांचे शास्त्र.

१९६० साली बाई पंचाहत्तरीच्या होत्या. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या रस्त्यात त्यांना मोटारीचा धक्का लागला, तरी लंगडत लंगडत त्या ठरलेल्या कार्यक्रमांना गेल्या. त्याच सुमारास रक्त तपासले तेव्हा ते कमी भरले. निदान झाले ॲप्लास्टिक ॲनिमियाचे.

इथे क्षणभर थांबून रक्ताचा कारखाना समजून घेऊ. आपल्या हाडांच्या पोकळीत मऊ मज्जा असते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट या तिन्ही तिथेच तयार होतात. तांबड्या कमी झाल्या की थकवा येतो, पांढऱ्या कमी झाल्या की जंतूंचे फावते आणि प्लेटलेट कमी झाल्या की रक्त थांबत नाही, अंगावर काळेनिळे डाग उठतात. ॲप्लास्टिक ॲनिमियात कारखानाच मंदावतो, म्हणून तिन्ही माल कमी पडतात. पण कारखाना का मंदावला, याची कारणे अनेक असतात. कधी औषध, कधी जीवनसत्त्वाची उणीव, कधी कर्करोग आणि कधी मज्जेत शिरून बसलेला एखादा जंतू. बाहेरून आकडे सारखेच दिसतात. आत काय आहे हे कळायला कधी कधी आतच पाहावे लागते.

दोन वर्षे बाईंनी नेहमीप्रमाणे काम रेटले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी नेमलेल्या स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या आयोगाचे अध्यक्षपदही याच काळात घेतले. १९६२ च्या सुरुवातीला रक्ताचे आकडे आणखी घसरले. एप्रिलमध्ये त्यांना प्रेडनिसोन हे स्टेरॉइड सुरू केले, मज्जेला चालना मिळावी म्हणून. त्या काळच्या रीतीला धरूनच हा उपचार होता. पण स्टेरॉइडचा दुसरा गुण असा की ते शरीराचा पहारा ढिला करते. शरीरात कुठे क्षयाचा जंतू दबून बसला असेल तर त्याला रान मोकळे मिळते.

उन्हाळ्यात ताप सुरू झाला, खोकला आला, अंगातले त्राण गेले. ऑगस्टमध्ये रुग्णालयात राहून आल्यावरही त्या कॅम्पोबेलोला जाऊन आल्या, जिथे एकेचाळीस वर्षांपूर्वी नवऱ्याचे पाय गेले होते. २६ सप्टेंबर रोजी त्यांचे शेवटचे सदर प्रसिद्ध झाले आणि त्याच सुमारास त्या पुन्हा रुग्णालयात दाखल झाल्या. आता डॉक्टरांना क्षयाची शंका बळावली. क्षयाची औषधे सुरू झाली, मज्जेचा नमुना घेतला आणि जंतू वाढतात का हे पाहायला ठेवला. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो. त्या काळी उत्तर यायला आठवडेच्या आठवडे लागत.

या आठवड्यांत काय चालले होते? बाईंना हे सगळे नकोसे झाले होते. सुया, नळ्या, रोजचे रक्त काढणे, कशाचेच कारण त्यांना पटेना. आपण आता जायला तयार आहोत, उगाच लांबवू नका, असे त्यांनी जवळच्यांना परोपरीने सांगितले होते. परिचारिका गोळ्या द्यायला आली की त्या तोंड घट्ट मिटून घेत. शेवटी हट्टाने १८ ऑक्टोबरला त्या घरी आल्या. ऑक्टोबर संपता संपता अहवाल आला. मज्जेत क्षयाचा जंतू वाढला होता. डॉक्टरांना हायसे वाटले, कारण रोग ओळखीचा निघाला आणि त्यावर औषध होते. पण बाईंच्या अंगात तो मज्जेत, फुप्फुसात, यकृतात, सगळीकडे पसरला होता. ४ नोव्हेंबरला त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ७ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी न्यूयॉर्कच्या घरी देह ठेवला. वय ७८. हाइड पार्कच्या बागेत पतीशेजारी त्यांना विसावा मिळाला. दफनाला केनेडी, ट्रुमन आणि आयझेनहॉवर असे आजी-माजी तीन राष्ट्राध्यक्ष उभे होते.

पुढे वैद्यकशास्त्राच्या इतिहासकारांनी या दुखण्याचा खल केला. मज्जेतला नमुना आधीच जंतूसाठी तपासला असता तर? स्टेरॉइडच्या आधी १९१९ च्या प्लुरसीची आठवण कोणी काढली असती तर? याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. बाईंच्या अंगातला जंतू त्या वेळच्या दोन मुख्य औषधांना, स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिडला, दाद देत नव्हता असे निघाले. १९१९ साली ही औषधे नव्हतीच. मग हा जुना जंतू जागा झालेला की नव्याने लागलेला, यावरही मतभेद आहेत. निदान लवकर झाले असते तरी बाई वाचल्या असत्याच असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणू शकत नाही. म्हणून कोणा डॉक्टरला दोष द्यायला आम्ही ही कथा सांगितलेली नाही.

आम्हाला तिच्यातून दिसते ते एवढेच की मज्जेच्या तपासणीला योग्य वेळ असते. उत्तराने उपचार बदलू शकतो तेव्हा ती मागावी. उत्तर काहीही आले तरी रोग्याच्या हाती काही लागणार नसेल, आणि त्याला ती नको असेल, तेव्हा तिचा आग्रह धरू नये.

आता आपल्या घरातला रिपोर्ट हातात घेऊ. प्लेटलेटचा नेहमीचा आकडा दीड लाख ते साडेचार लाख. डेंग्यूत ताप उतरू लागतो त्या दिवसांत हा आकडा घसरतो आणि काही दिवसांत आपोआप वर येतो. तिथे मज्जेच्या तपासणीचे काम नाही. ताप नसताना आकडा कमी निघाला तर पहिली गोष्ट म्हणजे तो खरा आहे ना, हे पाहणे. नळीतल्या औषधामुळे कधी कधी प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि यंत्र त्यांना मोजतच नाही. रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून जाणकार डोळ्यांनी पाहिला की हे उघड होते. वेगळ्या नळीत पुन्हा रक्त घेतले की आकडा सरळ येतो आणि घरभर पसरलेली काळजी ओसरते.

आकडा खराच कमी असेल, पण तांबड्या व पांढऱ्या पेशी ठीक असतील, काचपट्टीवर विचित्र पेशी दिसत नसतील, प्लीहा किंवा गाठी वाढलेल्या नसतील आणि माणूस एरवी ठणठणीत असेल, तर पुष्कळदा शरीराचीच प्रतिकारशक्ती चुकून प्लेटलेट मारत असते. पूर्वी साठीच्या वरच्या माणसाची अशा वेळी मज्जा तपासत असत. आता अशा सरळ रुग्णात वय काहीही असले तरी ती लागतेच असे नाही, असा जाणकारांचा कौल आहे. चालू औषधे, यकृत, काविळीचे विषाणू, एचआयव्ही आणि बी-१२ यांची चौकशी साध्या रक्ततपासणीने होते. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ ची उणीव इतकी आढळते की तिच्याकडे आधी पाहावे. तिच्यामुळे तिन्ही पेशी घटू शकतात.

पण तिन्ही आकडे घसरलेले असतील, काचपट्टीवर न शोभणाऱ्या पेशी दिसल्या असतील, ताप जात नसेल, वजन उतरत असेल किंवा उपचाराला दाद मिळत नसेल, तर मज्जेच्या तपासणीला भिऊन ती टाळू नये. कमरेच्या मागच्या हाडाची जागा बधिर करून सुईने थोडी मज्जा ओढतात आणि जाड सुईने हाडाचा बारीक तुकडा घेतात. ओढताना काही क्षण कळ येते, पण बहुतेक रोगी त्याच दिवशी घरी जातात. मणक्याशी तिचा संबंध नाही आणि प्लेटलेट कमी आहेत एवढ्यावरून ती अशक्यही ठरत नाही.

जाताना डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत. या तपासणीतून काय शोधायचे आहे? आणि ते सापडले किंवा नाही सापडले, तर उपचारात काय बदलेल? स्टेरॉइड सुरू करायचे असेल तर घरातला जुना क्षय आपणहून सांगावा. आपल्या पिढ्यांत मिरजेच्या सॅनेटोरियममध्ये राहून आलेली माणसे होती आणि सोयरीक मोडू नये म्हणून ते कोणाला कळू दिले नाही. लग्नाच्या वेळी लपवले ते एकवेळ समजू, पण डॉक्टरपाशी लपवू नये.

आणि शेवटचे म्हणजे ज्याचे दुखणे आहे त्याला विचारावे. मुलगा अमेरिकेत, सून पुण्यात, जावई फोनवर, सगळे आपापले मत देतात आणि पलंगावरचे आजोबा तेवढे गप्प असतात. ज्या बाईंनी जगातल्या प्रत्येक माणसाला स्वतःचा शब्द आहे हे कलमात लिहून घेतले, त्यांनाच शेवटच्या महिन्यात स्वतःचा शब्द ऐकवण्यासाठी ओठ मिटून घ्यावे लागले. आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांवर ती वेळ येऊ देऊ नये.

विघ्नहर्ता सर्वांना निरोगी ठेवो. आणि रिपोर्ट हातात आलाच, तर तो शांत डोक्याने वाचण्याची बुद्धीही तोच देवो.